उघड्या मुळ्यांचीं कलमें व घरची फळबाग

घराच्या परसांत चार फळझाडें असावीं, मुलांबाळांस बाजाराच्या वाटेकडे न पाहतां ताजें फळ खावयास मिळावें, अशी इच्छा नसलेला शेतकरी विरळाच. मृग सरून पाऊस जमला कीं ह्या इच्छेस भरती येते. छत्रपती संभाजीनगर व जालना ह्या जिल्ह्यांत मोसंबीचा प्रघात मोठा. त्यामुळें बहुतेकांची पहिली निवड मोसंबीची होते, व तिच्या सोबतीस एखादें लिंबू, अंजीर, डाळिंब किंवा संत्रा. कलमें येतात तीं जुड्या बांधून. मुळ्यांस मातीचा कणहि नाहीं, वर गोणपाटाचा एखादा तुकडा गुंडाळलेला. तीं घरीं आणून सवडीनें लाविलीं जातात, आणि श्रावण सरण्यापूर्वीं त्यांतील कित्येकांच्या काड्या झालेल्या असतात. मग कोणी म्हणतो, कलमच खोटें होतें. कोणी म्हणतो, आमच्या हाताला यश नाहीं.

आमच्या मतें दोष बहुधा कलमाचाहि नसतो व हाताचाहि नसतो. कलम वाफ्यांतून उपटल्यापासून त्याच्या मुळाशीं पहिलें पाणी पडेपर्यंत जो काळ जातो, त्या काळांतच त्याच्या जगण्या-मरण्याचा निकाल लागलेला असतो. लावणीनंतरची सारी मेहनत ही त्या निकालावर पडलेली भर होय. हें एकच तत्त्व नीट ध्यानांत आलें, तर पुढील सर्व कृति आपोआप सुचत जातात.

ह्या गोष्टीची किंमत प्रस्तुत लेखकानें स्वतः मोजिली आहे. कांहीं वर्षांपूर्वीं जुलै महिन्यांतील एका उघाडीच्या दिवशीं आम्हीं मोसंबीचीं दहा कलमें विकत घेतलीं, टेंपोच्या टपावर बांधून अर्ध्या दिवसाच्या प्रवासानें घरीं आणिलीं, आणि दुसऱ्या दिवशीं कोळपणीचें काम आटोपल्यावर तिसऱ्या प्रहरीं लाविलीं. खत घातलें, पाणी घातलें, आधाराची काठी लाविली; आमच्या समजुतीप्रमाणें कशांतहि कसूर केली नाहीं. महिन्याभरांत सहा वाळलीं. उरलेल्या चारांपैकीं तीन आज फळत आहेत. चौथें मात्र सर्वांत जोमानें वाढलें, सर्वांत काटेरी झालें, व पांचव्या वर्षीं त्यास जाड सालीचीं, खडबडीत, आंबट फळें लागलीं. वरचा मोसंबीचा डोळा केव्हांच मेला होता, आणि आम्ही पांच वर्षें जंबेरीच्या खुंटास पाणी घालीत होतों.

ज्या प्रदेशांत वर्षाचा पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, व तोहि चार महिन्यांत आटोपणारा, तेथें पांच वर्षांचें पाणी फुकट जाणें ही हंसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट नव्हे. २०१२-१३ च्या दुष्काळांत ह्या दोन्ही जिल्ह्यांतील मोसंबीच्या कित्येक बागा पाण्यावांचून वाळल्या, हें आपण डोळ्यांनीं पाहिलें आहे. यास्तव जें झाड लावावयाचें तें पहिल्या दिवसापासून निरोगी व खात्रीचें असावें, ह्याविषयीं कंजुषी उपयोगी नाहीं.

मागील थोडी हकीकत

ह्या शहराचा बागांशीं संबंध जुना आहे. मलिक अंबरानें १६१० मध्यें खडकी वसविली, व डोंगराच्या पायथ्याचें पाणी जमिनीखालील नहरांनीं गांवांत आणिलें. तीच नहर-ए-अंबरी होय. पुढें मोंगल अमदानींत येथें बागा झाल्या. त्यांपैकीं हिमायत बागेंत आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचें फळ संशोधन केंद्र आहे. दौलताबादच्या अंजिराची ख्याति तर अशी कीं, विद्यापीठानें त्याच अंजिरांतून निवड करून ‘दिनकर’ हा वाण प्रसृत केला. मोसंबीसाठीं जालना जिल्ह्यांत बदनापूर येथें विद्यापीठाचें स्वतंत्र संशोधन केंद्र आहे.

संत्र्याच्या कलमांसाठीं मात्र सर्वांच्या तोंडीं नांव असतें तें अमरावती जिल्ह्यांतील वरूड तालुक्याचें, व त्यांतहि शेंदुरजना घाट ह्या गांवाचें. तेथें जमिनीवरील वाफ्यांत जंबेरीचे खुंट वाढवून त्यांवर डोळे भरतात, व तयार झालेलीं कलमें मुळ्या उघड्या करून दूरदूरच्या जिल्ह्यांत रवाना करितात. प्लॅस्टिकच्या पिशव्या येण्यापूर्वीं लांबच्या प्रवासास मातीचें ओझें नको म्हणून कलमें अशींच जात असत. ही रीत स्वस्त आहे, सोपी आहे, व काळजीपूर्वक पाळली तर बिनधोकहि आहे. ती बिघडते ती काळजीच्या अभावीं.

मुळी व पान ह्यांचा जमाखर्च

झाडाच्या कोवळ्या मुळ्यांच्या टोकांशीं, डोळ्यांस दिसतील न दिसतील असे, अतिशय बारीक केस असतात. जमिनींतील पाणी व त्यांत विरघळलेलीं पोषक द्रव्यें मुख्यतः ह्यांच्याच द्वारें झाडांत शिरतात. बोटाएवढी जाड मुळी ही झाडाचा आधार व शिदोरीची कोठी आहे. पाणी ओढण्याचें काम तिचें नव्हे. कलम उपटलें कीं केसाळ मुळ्यांचा बराचसा भाग वाफ्यांतच तुटून राहतो. जो उरतो तो उन्हांत व वाऱ्यांत पाहतां पाहतां सुकतो, आणि एकदां सुकलेला केस पाण्यांत भिजवून पुनः जिवंत होत नाहीं.

इकडे जमा अशी बंद झाली असतां खर्च मात्र चालूच असतो. पानें श्वासाबरोबर पाणी बाहेर टाकीत राहतात. ऊन जितकें कडक व वारा जितका जोराचा, तितका हा खर्च अधिक. ज्या घरांत मिळकत थांबली आहे व खर्च पूर्वीचाच आहे, त्या घराची शिल्लक किती दिवस पुरावी? नवीन मुळ्या फुटून जमेची बाजू पुनः सुरू होईपर्यंत झाडास शिलकीवर जगावयाचें असतें. आपलें काम इतकेंच कीं, खर्च कमी करावा, शिल्लक राखावी, व नवीन मुळीस लौकर फुटण्यास अनुकूल अशी जागा करून द्यावी.

थंड देशांतील पानझडीच्या झाडांस ही अडचण फारशी नसते. हिवाळ्यांत पानें गळून तीं निजलेलीं असतात. तेव्हां उपटून लाविलीं तरी खर्च जवळ जवळ नसतोच. आपल्याकडील मोसंबी, संत्रा व लिंबू हीं सदापर्णी आहेत. तीं कधींच पुरतीं निजत नाहींत. म्हणून आपणांस जें काम तेथें थंडी करिते तें येथें पावसाळी हवा, ढगाळ दिवस, संध्याकाळची वेळ व कात्री ह्यांच्याकडून करून घ्यावें लागतें.

कोणतीं झाडें ह्या रीतीनें लावावीं

मोसंबी, संत्रा व कागदी लिंबू हीं उघड्या मुळ्यांनीं चांगलीं लागतात. अंजिराच्या फाट्यांस वाफ्यांत मुळ्या फुटल्यावर तीं रोपें, पानें गळालेलीं किंवा गाळलेलीं असतां, सहज हलवितां येतात; तुतीचेंहि तसेंच. केळीचा मुनवा तर आपण नेहमींच उघडा आणून लावितों. आंबा व चिक्कू ह्यांचीं कलमें मात्र मातीच्या गोळ्यासह किंवा पिशवींतलींच घ्यावीं. त्यांच्या मुळ्या उघड्या करणें हा पैशाचा व श्रमाचा नाश होय. सीताफळाचें सोटमूळ लांब जातें व दुखावलेलें त्यास सोसत नाहीं, म्हणून तेंहि पिशवींतलेंच बरें. डाळिंबाचें गुटी कलम पिशवींत रुजविलेलें घ्यावें, व ज्या बागेंत तेल्या रोग नाहीं अशाच बागेंतील आहे ह्याची खात्री करावी.

कलमाची परीक्षा

पिशवींतील कलम विकत घेणें म्हणजे बंद पेटी विकत घेण्यासारखें आहे. वरचें पान हिरवें दिसतें, परंतु तळाशीं मुळी गुंडाळून वेटोळें झाली आहे कीं कुजली आहे, हें पेटी उघडल्यावांचून कळत नाहीं. उघड्या मुळ्यांचें कलम आपणांस सर्व कांहीं दाखवितें. ही संधि एकदांच मिळते; एकदां कलम जमिनींत गेलें कीं मुळी पुनः दिसणें नाहीं. म्हणून घासाघीस करण्यांत जेवढा वेळ आपण घालवितों, तेवढा मुळी पाहण्यांत घालवावा.

प्रथम खुंट व डोळा पाहावा. डोळ्याचा सांधा जमिनीच्या खुणेपासून सुमारें वीतभर उंच असावा. सांधा फार खालीं असेल तर पुढें तो मातीशीं टेकतो व रोगास वाट मिळते. सांध्याच्या वरची फूट एकच, सरळ व शिसपेन्सिलीएवढी जाड असावी. सांध्याच्या खालीं कोठेंहि पान अगर फूट नसावी; असल्यास ती खुंटाची आहे असें समजून तेथेंच खुडावी. खुंट कोणता हें विचारावें. जंबेरीचा खुंट सर्रास वापरला जातो. परंतु जमीन हलकी असेल, तिच्यांत थोडी चुनखडी असेल, किंवा पाण्याची ओढ असेल, तर रंगपूर लिंबाचा खुंट अधिक सोशिक ठरतो. मोसंबींत न्यूसेलर ह्या वाणाची शिफारस आहे.

मग मुळ्या पाहाव्या. मुख्य मुळी सरळ असावी. मुरगळलेली किंवा गांठ पडलेली नसावी. तिच्या बाजूंस बारीक तंतुमय मुळ्यांचा चांगला झुपका असावा. नखानें एखादी मुळी किंचित् खरवडल्यास आंतून पांढरट व ओलसर दिसावी. करडी किंवा तपकिरी व कोरडी दिसली तर ती मेलेली आहे. यानंतर सर्वांत महत्त्वाची परीक्षा अशी. एक बारीक मुळी दोन बोटांच्या चिमटींत धरून हळूच ओढावी. वरची साल मोज्याप्रमाणें निसटून हातांत आली व मागें केवळ दोरा राहिला, तर फायटोफ्थोरा ह्या बुरशीसारख्या जीवानें मुळी कुजविली आहे असें समजावें. हाच जीव पुढें बुंध्याशीं डिंक्या रोग उत्पन्न करितो. अशी मुळी एका कलमाची निघाली तरी ती सबंध जुडी परत करावी, कारण वाफा एकच असतो. अंजिराच्या मुळ्यांवर हरभऱ्याएवढ्या गांठी दिसल्यास ते सूत्रकृमींचें लक्षण होय. तेंहि रोप नाकारावें.

हा रोग वाफ्याच्या मातींतून येतो, व म्हणूनच नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेनें निर्जंतुक केलेल्या मिश्रणांत वाढविलेल्या रोगमुक्त कलमांचा पुरस्कार केला आहे. ज्यांस तशीं कलमें मिळूं शकतात त्यांनीं तीं अवश्य घ्यावीं. त्यांत दोन पैसे अधिक गेले तरी चिंता नाहीं. परंतु शेतांतलीच माती पिशवींत भरून विकलेलें कलम केवळ पिशवीमुळें रोगमुक्त होत नाहीं, हेंहि विसरूं नये.

हंगाम व प्रवास

मोसंबी, संत्रा व लिंबू ह्यांच्या लावणीस जुलैचा उत्तरार्ध व ऑगस्ट हा काळ उत्तम. पहिल्याच सरीनें उतावीळ होऊं नये. जमीन हातभर खोल ओली होऊन हवा दमट होऊं द्यावी. कारण आपल्याकडे मृगाच्या पावसानंतर पंधरा पंधरा दिवसांची उघाडी पडते हें नवीन नाहीं. ऑक्टोबरचें ऊन नवीन कलमास सोसत नाहीं.

खड्डे तयार झाल्यावांचून कलमें आणावयास निघूं नये. आधीं कलमें आणून मग कुदळ शोधणें हाच बहुतेक नुकसानीचा उगम आहे. निघतांना बरोबर स्वच्छ गोणपाटें, पाण्याचा डबा व दोरी घ्यावी. शक्य असल्यास कलमें आपल्यासमोर उपटवून घ्यावीं. वाफा आदल्या दिवशीं भिजविलेला असावा व कलमें कुदळीनें खालून माती सैल करून काढावीं; हातानें हिसडा देऊन उपटलेल्या कलमाच्या कामाच्या मुळ्या वाफ्यांतच राहतात. काढल्याबरोबर त्यांचीं निम्मीं पानें कात्रीनें कमी करावीं व अगदीं कोवळे शेंडे खुडावे. ह्यानें झाडाचा खर्च तेथेंच निम्म्यावर येतो. मुळ्या चाळलेल्या मातीच्या पातळ काल्यांत बुडवून, भोंवतीं ओलें गवत घालून, ओल्या गोणपाटांत गुंडाळाव्या. गांठोडें गाडीच्या आंत, सावलींत ठेवावें; टपावर कदापि नव्हे. वाटेंत दोन-तीन वेळां पाणी शिंपडावें.

घरीं पोंचल्यावर त्याच संध्याकाळीं लावणी करावी. कांहीं कारणानें तें न साधल्यास कलमें गांठोड्यांत तशींच ठेवूं नयेत, व घागरींत उभींहि करून ठेवूं नयेत. सावलीच्या जागीं एक तिरका चर खणावा, जुड्या सोडून कलमें त्यांत एकेक अशीं निजवावीं, मुळ्यांवर ओली भुसभुशीत माती ओढावी व पाणी शिंपडावें. अशा स्थितींत तीं चार-पांच दिवस सुखानें राहतात. ज्या सहा कलमांचा उल्लेख वर केला, तीं ह्या अर्ध्या तासाच्या कामानें वांचलीं असतीं.

जागा व खड्डा

शहराभोंवतीं बऱ्याच ठिकाणीं वीतभर मातीखालीं मुरूम व त्याखालीं काळा खडक लागतो. पैठण व गंगापूरकडे गोदाकांठीं माती खोल व चिकण असते. दोहोंची रीत एक नव्हे. मुरमाड जागीं खड्डा मोठा, तीन फूट लांब, रुंद व खोल घ्यावा व मुरूम बाहेर टाकून त्यांत पोयट्याची माती भरावी. भारी काळ्या जमिनींत फार खोल खड्डा हा उलट धोका असतो. त्याच्या भिंती गुळगुळीत होतात, व पावसांत तो रांजणाप्रमाणें भरून राहतो. तेथें दोन फुटांचा खड्डा पुरे. भिंती कुदळीनें खरवडाव्या, आणि कलम भोंवतालच्या जमिनीपेक्षां थोड्या उंच वरंब्यावर लावावें. संशय असल्यास खड्डा पाण्यानें भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं पाणी तसेंच उभें दिसलें तर ती जागा मोसंबीची नव्हे. खालीं चुनखडीचा थर लागला तरीहि मोसंबीचा नाद सोडावा, व तेथें अंजीर किंवा बोर लावावें. माती तपासून घेण्याची सोय पैठण रस्त्यावरील कृषि विज्ञान केंद्राकडे विचारावी.

खड्डे मे महिन्यांत खणून ऊन खाऊं द्यावे. वरच्या थराची माती निराळी ठेवावी व भरतांना तीच प्रथम वापरावी. तिच्यांत दोन घमेलीं पुरतें कुजलेलें शेणखत, एक किलो निंबोळी पेंड व एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळावें. कच्चें शेण खड्ड्यांत घातल्यास तें तेथें तापतें, वाळवीस बोलावतें, व नवीन मुळी भाजून काढतें. पाऊस पडून खड्डा दबला कीं मग लावणी करावी.

मोसंबी, संत्रा व लिंबू ह्यांस चोहोंकडून वीस फूट जागा लागते. अंजिरास पंधरा फूट पुरतात. परस लहान असेल तर झाडें कमी लावावीं, अंतर कमी करूं नये. अंजीर घराच्या पायापासून व पाण्याच्या हौदापासून दूर असावा.

प्रत्यक्ष लावणी

सुमारें पांच फुटांची एक सरळ फळी घेऊन तिच्या मध्यावर एक व दोन्ही टोकांस एकेक खांच करावी. खड्डा खणण्यापूर्वींच मधली खांच झाडाच्या जागेच्या खुंटीस लावून टोकांच्या खांचांत दोन खुंट्या ठोकून ठेवाव्या. लावणीच्या वेळीं फळी पुनः त्याच खुंट्यांवर ठेविली कीं झाडाची मूळ जागा मधल्या खांचेंत बिनचूक मिळते, व जमिनीची पातळीहि समजते. ही लागवडीची फळी कोणासहि तासाभरांत करितां येते.

दुपारीं चारनंतर काम सुरू करावें. कलमें त्यापूर्वीं एक-दोन तास स्वच्छ पाण्यांत मुळ्यांपुरतीं बुडवून ठेवावीं. धारदार कात्रीनें तुटलेल्या व ठेचलेल्या मुळ्यांचा तेवढाच भाग छाटावा. चांगल्या मुळ्या टापटीप दिसाव्या म्हणून कापूं नयेत. मुख्य मुळी खड्ड्यांत वांकत असेल तर ती वांकवूं नये. टोक कापावें अथवा खड्डा खोल करावा. एका वेळीं एकच कलम भांड्यांतून काढावें, बाकीचीं ओल्या गोणपाटाखालीं असावीं.

खड्ड्याच्या मध्यें मातीचा एक उंचवटा करावा व त्यावर कलम बसवून मुळ्या छत्रीच्या काड्यांप्रमाणें चोहोंबाजूंस पसराव्या. बुंध्यावर वाफ्यांतील मातीची जी काळसर खूण असते, ती फळीच्या पातळीहून दोन बोटें वर राहील असें पाहावें. खड्ड्याची माती पुढें बसते, व तिच्याबरोबर झाडहि खालीं जातें. एकानें कलम धरावें व दुसऱ्यानें भुसभुशीत माती मुळ्यांच्या मधून मधून हातानें सारावी. निम्मा खड्डा भरल्यावर कलम किंचित् हालवावें, म्हणजे पोकळी राहत नाहीं. मग बाहेरून आंत ह्या क्रमानें माती दाबावी. मुरमाड जमिनींत पायानें दाबलें तरी चालतें; ओल्या काळ्या मातीस मात्र पाय लावूं नये, नाहींतर तिची वीट होते.

ताबडतोब दोन घागरी पाणी हळूहळू घालावें, पाऊस पडत असला तरीहि. हें पाणी केवळ तहानेसाठीं नव्हे. तें मातीचा कण न् कण मुळीशीं नेऊन बसवितें. शेवटीं बांबूची काठी वाऱ्याच्या बाजूस रोवून सुतळीनें आठच्या आंकड्याप्रमाणें सैल बांधावी.

पुढील निगा

पहिल्या महिन्यांत माती बोटभर उकरून पाहून, कोरडी लागल्यासच पाणी द्यावें. वाळून मेलेल्या कलमाइतकींच पाण्यांत कुजून मेलेलीं कलमें आम्हीं पाहिलीं आहेत. पाणी बुंध्याशीं कधींहि साचूं देऊं नये. दुहेरी आळें करावें: आंतील लहान वर्तुळांत मातीची भर देऊन बुंधा कोरडा ठेवावा, व त्याबाहेरील वर्तुळांत पाणी सोडावें. ठिबक असल्यास नळीचें तोंड बुंध्यापासून हातभर दूर न्यावें. जेथें ठिबक नाहीं तेथें उन्हाळ्यांत एक झिरपणारें मडकें बुंध्यापासून दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरून, भरून, तोंड झांकून ठेवावें. मुळ्या आपण होऊन त्याकडे जातात, व पाण्याचा थेंबहि वाया जात नाहीं. न्हाणीचें साबणमिश्रित पाणी कर्दळीस अगर केळीस द्यावें. मोसंबीस व काळ्या मातीस तें मानवत नाहीं.

बुंध्याभोंवतीं उसाचें पाचट किंवा वाळलेलें गवत चार बोटें जाड पसरावें, परंतु तें खोडास टेकूं देऊं नये. दक्षिण व पश्चिम बाजूंस तुरीच्या काड्यांचा आडोसा करावा. सांध्याखालून निघणारी प्रत्येक फूट कोवळी असतांनाच अंगठ्यानें खुडावी. ही पाहणी पंधरा दिवसांनीं एकदां न चुकतां करावी, नाहींतर आमच्याप्रमाणें जंबेरीचें लोणचें घालण्याची पाळी येईल. पहिलीं तीन-चार वर्षें फुलें आलीं तर तीं मनावर दगड ठेवून काढून टाकावीं.

पावसाळ्यापूर्वीं व नंतर बुंध्यास जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावावें. एक किलो मोरचूद पांच लिटर पाण्यांत व एक किलो कळीचा चुना पांच लिटर पाण्यांत निरनिराळे भिजवून मग एकत्र करावे. लोखंडाचें भांडें वापरूं नये. मातीचें किंवा प्लॅस्टिकचें घ्यावें. मलम त्याच दिवशीं संपवावें. लहान बागेस ह्याच्या दहाव्या हिश्शानें काम भागतें.

सामायिक खरेदीविषयीं एक सूचना

घरच्या बागेस पांच-दहा कलमें लागतात. एवढ्यासाठीं दूरच्या रोपवाटिकेपर्यंत जाणें परवडत नाहीं, म्हणून आपण रस्त्याच्या कडेचीं, किती दिवसांपूर्वीं उपटलीं तें ठाऊक नसलेलीं कलमें घेतों. त्यापेक्षां गांवांतील दहा-पंधरा जणांनीं मिळून खड्डे आधीं तयार ठेवावे, एकानें जाऊन कलमें समक्ष पारखून काढवून घ्यावीं, बंद गाडींतून आणावीं, व त्याच संध्याकाळीं वांटून लावावीं. खर्च विभागला जातो, पारख एका जाणत्याची सर्वांस मिळते, आणि वेळ वांचतो. ह्या कामांत पैशापेक्षांहि वेळच अधिक मोलाचा आहे.

आमच्या परसांतील तीन मोसंब्या आज आंबिया बहारास येतात. त्यांच्या शेजारीं तीं सहा खड्डे भरून आम्हीं नंतर पुनः कलमें लाविलीं. ह्या वेळीं गोणपाट ओलें होतें व चर खणून ठेविला होता. सहाहि जगलीं. जमीन तीच, विहीर तीच, माणसेंहि तींच. फरक होता तो केवळ त्या चार प्रहरांचा.